होलोवे रोड, क्रमांक ३०४: जो मीकच्या ‘टेलस्टार’चं प्रकरण

१७ ऑगस्ट १९६२ रोजी ब्रिटनच्या डेक्का कंपनीने ४५ आरपीएमची एक छोटी तबकडी बाजारात आणली. वादक ‘द टॉर्नेडोज’, धून ‘टेलस्टार’. शब्द नाहीत, नुसतं वाद्यसंगीत. ऑक्टोबरमध्ये ती ब्रिटनच्या तबकडी-विक्रीच्या यादीत पहिली आली आणि पाच आठवडे तिथेच राहिली. २२ डिसेंबरला अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० या लोकप्रियतेच्या यादीतही पहिली आली आणि तीन आठवडे हलली नाही. ब्रिटिश बँडला अमेरिकेत हे स्थान पहिल्यांदाच मिळत होतं. बीटल्सना तिथे पोचायला अजून तेरा महिने लागणार होते.

डेक्काकडे स्वतःचे स्टुडिओ होते, पगारी ध्वनिमुद्रक होते. या तबकडीसाठी त्यांतलं काहीही वापरलं गेलं नाही. ध्वनिमुद्रण झालं होतं उत्तर लंडनच्या होलोवे रोडवर, चामडी सामानाच्या दुकानाच्या वरच्या भाड्याच्या घरात. धून, ध्वनिमुद्रण, मिश्रण, निर्मिती सगळं एकाच माणसाचं: रॉबर्ट जॉर्ज ऊर्फ जो मीक. त्याला धड एकही वाद्य वाजवता येत नव्हतं, स्वरलिपी वाचता येत नव्हती. या धुनेचा संगीतकार म्हणून त्याला जी रॉयल्टी मिळायची, ती त्याच्या हयातीत अडकूनच राहिली.

मीकविषयीचं लिखाण बहुधा त्याच्या चित्रविचित्र आवाजांभोवती आणि त्याच्या भयंकर शेवटाभोवती फिरतं. या प्रकरणात त्याच्या हातातली खरी वस्तू वेगळी दिसते. खोली स्वतःची, यंत्रं स्वतःची, मास्टर टेप (जिच्यावरून तबकड्या छापतात ती अंतिम टेप) स्वतःची आणि कंपनीला ती फक्त वापरायला द्यायची, ही त्याने बसवलेली व्यवस्था होती. त्याचे आवाज त्या व्यवस्थेतून निघाले आणि अडचणीही तिथूनच.

घर घेण्याआधी

मीकचा जन्म ५ एप्रिल १९२९चा, ग्लॉस्टरशरमधल्या न्यूएंट गावचा. सक्तीच्या लष्करी सेवेत तो हवाई दलात रडार तंत्रज्ञ होता, नंतर वीज मंडळात लागला. पन्नासच्या दशकाच्या मध्यावर तो लंडनच्या आयबीसी या खासगी स्टुडिओत ध्वनिमुद्रक झाला. तिथे १९५६ मध्ये त्याने हम्फ्री लिटलटन या जॅझ वादकाची ‘बॅड पेनी ब्लूज’ ध्वनिमुद्रित केली. पियानोवर डाव्या हाताने वाजणारे खर्जाचे स्वर त्याने कॉम्प्रेसरमधून (आवाजातले चढउतार कमी करणाऱ्या यंत्रातून) दाबून घेतले आणि ड्रमवरचे ब्रश पुढे आणले. तबकडी यादीत १९व्या क्रमांकापर्यंत गेली; जॅझसाठी ही मोठी गोष्ट होती. आपल्या संगीतावर केलेली ही कारागिरी लिटलटनला मात्र रुचली नव्हती.

त्या काळी ध्वनिमुद्रकाने खोलीत जे वाजतंय ते प्रामाणिकपणे टेपवर उतरवायचं, एवढीच अपेक्षा असे. माइक अंतरावर ठेवायचा, मीटरचा काटा लाल पट्ट्यात जाऊ द्यायचा नाही. मीक काटा मुद्दाम लाल पट्ट्यात ढकलायचा. सहकाऱ्यांशी त्याचं पटत नसे, आणि त्यात दोष एकट्या सहकाऱ्यांचा नव्हता.

१९५८ मध्ये तो डेनिस प्रेस्टन या निर्मात्याच्या लॅन्सडाउन स्टुडिओत गेला. प्रेस्टन स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रण करून ते कंपन्यांना देत असे, आणि हा धंदा चालू शकतो हे मीकने तिथे जवळून पाहिलं. १९५९च्या अखेरीस वाद होऊन तो बाहेर पडला. १९६० मध्ये भागीदारीत ‘ट्रायम्फ’ हे लेबल, म्हणजे तबकड्या काढणारी छोटी कंपनी, काढलं. मायकेल कॉक्स या गायकाचं ‘अँजेला जोन्स’ सातव्या क्रमांकापर्यंत पोचलं आणि तिथेच घात झाला: छोट्या लेबलला तबकड्या छापून देणाऱ्या कारखान्यांना मागणी पुरवता येईना. दुकानात गिऱ्हाईक उभं आणि माल नाही. पॉपची तबकडी काही आठवडेच चालते, त्यात एक पंधरवडा गेला की खेळ संपला.

त्यातून पुढची मांडणी ठरली. छपाई आणि वितरण मोठ्या कंपनीकडे सोपवायचं, त्याआधीचं सगळं आपल्या हातात ठेवायचं. खेळण्यांची आयात करणाऱ्या मेजर विल्फ्रेड बँक्स यांनी भांडवल घातलं, ‘आरजीएम साउंड’ कंपनी उभी राहिली आणि होलोवे रोडवरची ३०४ क्रमांकाची जागा घेतली गेली. त्या वेळी ब्रिटनच्या बाजारावर ईएमआय, डेक्का, फिलिप्स आणि पाय या चार कंपन्यांचं राज्य होतं. १९६१ मध्ये याच घरातून निघालेलं गायक जॉन लेटनचं ‘जॉनी रिमेंबर मी’ पहिल्या क्रमांकावर गेलं. जागा कामाची आहे, हे तेव्हाच सिद्ध झालं होतं.

जागेने ठरवलेला आवाज

होलोवे रोड हा लंडनहून उत्तरेला जाणारा हमरस्ता. बस, ट्रक, दिवसभर वर्दळ. खाली दुकान, वर निवासी खोल्या, कुठेही ध्वनिरोधक भिंत नाही. एका खोलीत बँड, शेजारच्या खोलीत यंत्रं. तंतुवाद्यांचा ताफा जिन्यात, गायक प्रसंगी न्हाणीघरात. मीकच्या बहुतेक सवयींचं मूळ इथे सापडतं.

पहिली सवय माइक जवळ लावण्याची. वाद्य आणि माइक यांतलं अंतर निम्मं केलं की वाद्याचा थेट आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. खोलीत घुमणारा आवाज आणि खिडकीतून येणारा बसचा आवाज होता तेवढाच राहतो. माइक दीड मीटरवरून १५ सेंटिमीटरवर आणला तर हा फायदा २० डेसिबलच्या घरात जातो. गोंगाटाच्या घरात ध्वनिमुद्रण करायचं तर याहून स्वस्त उपाय नाही. मात्र जवळ गेल्यावर दोन गोष्टी बिघडतात. रिबन किंवा कार्डिऑइड जातीचा माइक जवळून घेतला की खर्ज फुगतो, तो इक्वलायझरवर (स्वरपट्टे कमीजास्त करणाऱ्या यंत्रावर) कापावा लागतो. आणि माइकचा विद्युत संकेत इतका मोठा होतो, की मधला क्षीणक (संकेत लहान करणारा भाग) न लावता तो मिक्सरमध्ये सोडला तर पहिलाच व्हॉल्व्ह फाटका आवाज देऊ लागतो. मीकला ही फाट कधी कधी हवीच असायची.

बास ड्रमचं पुढचं कातडं काढून आत ब्लँकेट कोंबायचं, माइक तोंडाशी ठेवायचा. बास गिटारच्या अँप्लिफायरला काट देऊन तिची वायर थेट मिक्सरमध्ये घालायची; हे करणाऱ्या सुरुवातीच्या लोकांत मीकचं नाव घेतलं जातं. कारण उघड आहे. छोट्या खोलीत बासचा अँप्लिफायर लावला की तो प्रत्येक माइकमध्ये शिरतो आणि मग कुणाचाच आवाज वेगळा हाताळता येत नाही. फक्त गिटारचा पिकअप (तारांचा कंप विजेत बदलणारा भाग) उच्च रोधाचा असतो, त्याला तितक्याच उच्च रोधाचं इनपुट द्यावं लागतं. माइकच्या इनपुटात घातला तर वरचा सगळा तजेला जातो आणि नुसती गुरगुर उरते.

इतकं जवळून घेतलेलं वाद्य कोरडं वाजतं, त्यात जागेचा घुमारा नसतो. तो कृत्रिम घालावा लागतो, आणि इथे मीकचा हात सुटा होता. टेप यंत्रात आवाज उतरवणारं रेकॉर्ड हेड आणि तो परत वाचणारं प्लेबॅक हेड यांत थोडं अंतर असतं. समजा ते ५ सेंटिमीटर आहे. टेप सेकंदाला ३८ सेंटिमीटर धावत असेल तर आवाज सुमारे ०.१३ सेकंद उशिरा परत येतो, वेग निम्मा केला तर ०.२६ सेकंद. तो परत आलेला आवाज पुन्हा इनपुटात सोडला की प्रतिध्वनींची माळ तयार होते. पातळीची कळ (फेडर) जरा वर गेली तर माळ वाढत वाढत कर्कश आरोळीत फुटते. अवकाशाचा भास देणारे आवाज काढायला ही आरोळीही उपयोगी पडते.

दुसरं साधन स्प्रिंगचं. मीकने निकामी फॅन हीटरच्या स्प्रिंगपासून घरगुती रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमारा देणारं साधन, बनवला होता. तत्त्व सोपं: स्प्रिंगच्या एका टोकाला आवाजाने कंप द्यायचा, दुसऱ्या टोकाला पिकअप लावून तो उचलायचा, मधल्या वेटोळ्यांत लहर पुढेमागे आपटत राहते. ड्रमचा ठोका सरळ आत सोडला तर स्प्रिंग ‘टॉइंग’ करते. त्यामुळे आत जाणारा संकेत आधी कॉम्प्रेसरने गुळगुळीत करायचा आणि अंदाजे २०० हर्ट्झखालचा भाग कापायचा. बाहेर येणारा रिव्हर्ब खऱ्या सभागृहासारखा कधीच वाटत नाही. मीकला सभागृह नकोच होतं.

आणि या सगळ्यावर कॉम्प्रेसर. ब्रिटिश तरुण पॉप ऐकायचे ते रात्री रेडिओ लक्झेंबर्गवर, २०८ मीटर मध्यम लहरींवर, आणि तो आवाज वरखाली होत विरत असे. शांत जागा असलेलं संगीत तिथे खरखरीत बुडतं. दाबून एकसारखं भरलेलं संगीत तरतं. कॅफेतल्या ज्यूकबॉक्सचंही तेच. जास्त दाबलं की श्वास घेतल्यासारखा परिणाम होतो: बास ड्रमचा ठोका पडला की बाकी सगळं दबतं आणि मग हळूहळू वर येतं. कॉम्प्रेसरने दाब सोडायला घेतलेला वेळ लयीशी जुळला तर हे वरखाली होणंच तालाचा भाग बनतं, नाही जुळला तर ऐकणाऱ्याला नुसती मळमळ.

जुलै-ऑगस्ट १९६२

टेलस्टार उपग्रह १० जुलै १९६२ रोजी केप कॅनाव्हरलवरून सुटला, आणि लगेचच अटलांटिकपार जिवंत टीव्ही चित्रं इंग्लंडात कॉर्नवॉलमधल्या गूनहिली केंद्रावर उतरली. मीकला अवकाशाचं वेड आधीपासून होतं. १९६० मध्ये त्याने चंद्रावरच्या काल्पनिक जीवनावर स्टिरिओत एक अख्खा अल्बम रचला होता, जो पूर्ण स्वरूपात १९९१ पर्यंत बाजारात आला नाही. आता बातमीच हाताशी होती. प्रक्षेपणापासून तबकडी दुकानात येईपर्यंत ३८ दिवस लागले. मोठ्या कंपनीत एवढा वेळ निवड समितीच्या बैठकांतच गेला असता. स्वतःच्या खोलीचा पहिला फायदा हाच.

मीकला सुचलेली धून दुसऱ्यापर्यंत पोचवणं हेच एक काम होतं. त्याची रीत अशी: आधीच ध्वनिमुद्रित झालेल्या दुसऱ्याच एखाद्या गाण्याची साथ लावायची आणि तिच्यावर आपली नवी चाल ला-ला करत गायची. सूर साथीशी जुळेलच असं नाही, बहुधा जुळत नसे. ‘टेलस्टार’चा असा कच्चा टेप उपलब्ध आहे, तो ऐकून यातून पुढची धून निघेल यावर विश्वास बसत नाही. डेव्ह ॲडम्स या वादकाने त्यातून स्वर शोधून चाल मांडून दिली. मीकची सांगण्याची पद्धत आणि वादकांचा अर्थ लावण्याचा संयम, दोन्ही लागत.

टॉर्नेडोज तेव्हा गायक बिली फ्युरीच्या साथीला ग्रेट यार्मथ या समुद्रकाठच्या गावी उन्हाळी हंगामात अडकले होते. रविवारच्या सुट्टीत ते लंडनला आले आणि सोमवारी परत कार्यक्रमाला गेले. ॲलन कॅडी मुख्य गिटारवर, जॉर्ज बेलामी साथीच्या गिटारवर, हाइन्झ बर्ट बासवर, रॉजर लाव्हर्न कीबोर्डवर, क्लेम कॅटिनी ड्रमवर. त्या वेळात उरकली ती साथ: घोडदौडीचा ताल, बास, गिटारी. ज्या सुरावटीने ही तबकडी ओळखली जाते ती अजून वाजायचीच होती.

ती नंतर जेफ गॉडर्डने वाजवली. मीकच्या अनेक गाण्यांचा हा संगीतकार, आणि त्या घरात स्वरलिपी जाणणारा सहकारी. शेवटच्या आवर्तनात ऐकू येणारा शब्दहीन गळाही त्याचाच. वाद्य क्लॅव्हिओलिन, काही जाणकारांच्या मते त्याच जातीचं जेनिंग्ज कंपनीचं युनिव्हॉक्स. दोन्हींचं तत्त्व एकच.

क्लॅव्हिओलिन हे फ्रान्सच्या कॉन्स्टाँ मार्ताँने १९४७च्या सुमारास बनवलेलं व्हॉल्व्हवरचं इलेक्ट्रॉनिक वाद्य. तीन सप्तकांचा छोटा कीबोर्ड, एका वेळी एकच स्वर, सप्तक बदलायची कळ, आवाजाचा पोत आणि कंपन ठरवणाऱ्या कळांची रांग, आवाज कमीजास्त करायला गुडघ्याने ढकलायची दांडी. मराठी वाचकांच्या कानावर हे वाद्य मीकच्या आधीच पडलेलं आहे. १९५४च्या ‘नागिन’मधली पुंगी खऱ्या पुंगीवर वाजलेली नाही, मुंबईत कल्याणजी वीरजी शहा यांनी ती क्लॅव्हिओलिनवर वाजवली होती. जे वाद्य इकडे गारुड्याचं झालं, तेच आठ वर्षांनी तिकडे उपग्रहाचं झालं. दोन्हीकडे कारण एकच: आतला दोलक (स्वर निर्माण करणारं मंडल) हार्मोनिकांनी, म्हणजे मूळ स्वराच्या पटीतल्या वरच्या स्वरांनी, गच्च भरलेली, नाकातून निघाल्यासारखी लहर देतो आणि ती कुठल्याही गर्दीतून वर येते.

व्हॉल्व्हची वाद्यं तापेपर्यंत सुरात राहत नाहीत. अर्धा तास चालू ठेवून मगच ती साथीशी मिळवायची, आणि मिळवायची ती ट्यूनिंग फोर्कशी नव्हे, टेपवरच्या साथीशी. टेपचा वेग थोडा जरी बदललेला असेल तर साथ आता प्रमाण सुरात नसते. क्लॅव्हिओलिनला सूर मिळवायची कळ आहे, म्हणून काम भागतं. पियानोवाल्याला हात चोळत बसावं लागतं.

टेपवरून टेपवर

मीककडे मुख्यतः दोन यंत्रं होती: डॅनिश लिरेक कंपनीचं दोन ट्रॅकचं (टेपवर दोन स्वतंत्र पट्टे उतरवणारं) आणि ईएमआयचं पूर्ण रुंदीचं मोनो यंत्र. पुढे सर्वत्र आलेली चार-आठ ट्रॅकची सोय नाही. त्यामुळे पहिली टेप वाजवायची, तिच्याबरोबर नवं वाद्य वाजवायचं, आणि दोन्ही मिळून दुसऱ्या यंत्रावर उतरवायचं. पुन्हा काही भर घालायची तर तीच टेप परत पहिलीच्या जागी.

दर खेपेला टेपची खरखर मिसळते. सारख्याच पातळीवर नक्कल केली तर पहिल्या नकलेत खरखर ३ डेसिबलने वाढते, तिसरीपर्यंत मूळच्या ६ डेसिबल वर. वरची वारंवारता झिजते. वेगातली बारीक थरथर साठत जाते आणि लांब धरलेला पियानोचा स्वर पाण्यात हलल्यासारखा वाटू लागतो. हे टाळता येत नाही, फक्त आधीच भरपाई करून ठेवता येते. म्हणून पहिल्या टेपवरची वाद्यं गरजेपेक्षा उजळ घ्यायची, चार-पाच किलोहर्ट्झच्या वर काही डेसिबल चढवून. पातळी टेप जेमतेम सोसेल इतकी वर ठेवायची, म्हणजे खरखर खाली राहते. नक्कल करण्याआधी हेड पुसायचे आणि दोन्ही यंत्रांच्या हेडचा कोन जुळवायचा. तो चुकला तर एकाच खेपेत जेवढा तजेला जातो तेवढा तीन नकलांत जात नाही.

क्रमही महत्त्वाचा. आधी उतरलेलं वाद्य सर्वांत जास्त नकला सोसतं, शेवटी उतरलेलं सर्वांत कमी. बास आणि बास ड्रम सोसू शकतात. झांजा सोसत नाहीत. मीकच्या बऱ्याच तबकड्यांत झांज म्हणजे नुसती वाफ असते, त्याचं कारण हेच. ‘टेलस्टार’मध्ये बँडला परतायची घाई होती म्हणून मुख्य सुरावट शेवटी राहिली, आणि तांत्रिकदृष्ट्या नेमकं तेच हवं होतं. सुरावट ताजी, धारदार. मागची साथ किंचित धुरकट. दोन्हींत जे अंतर जाणवतं ते निम्मं रिव्हर्बचं आणि निम्मं नकलांचं आहे. ठरवून केलं असतं तर याहून चांगलं झालं नसतं.

वेगाचा खेळ मीक नेहमीच करायचा. एक अर्धस्वर वर न्यायचा तर वेग सुमारे ६ टक्के वाढवावा लागतो. यासाठी टेप ओढणाऱ्या दांड्याची जाडी वाढवली तरी चालते: दांडा ८ मिलिमीटरचा असेल तर व्यास अर्धा मिलिमीटर वाढायला हवा, म्हणजे ५० मायक्रॉन जाडीच्या टेपचे पाच वेढे. वेढे सैल बसले की दर फेऱ्याला धक्का येतो आणि सगळा सूर लडखडतो. वेग वाढवल्यावर ताल तर जलद होतोच, शिवाय प्रत्येक वाद्याचा पोत लहान, चमकदार होतो. गायकाचा गळा चार वर्षांनी तरुण वाटतो.

सुरुवातीचा रॉकेटचा घरघराट आणि शेवटचा दूर जाणारा आवाज मीकने टेपवरच घडवले. ते जोडून तयार मास्टर डेक्काला गेला. त्यात आता काही बदलायची सोय उरली नव्हती: एक ट्रॅक, सगळं एकत्र. कंपनीने तो जसाच्या तसा घ्यावा किंवा सोडून द्यावा.

पैसा कुठे अडला

अमेरिकेत डेक्काच्या लंडन लेबलवर तबकडी निघाली. जगभर ५० लाखांच्या आसपास विक्रीचा आकडा सर्वत्र दिला जातो. संगीतरचनेसाठी दिला जाणारा आयव्हर नोव्हेलो पुरस्कारही मिळाला.

अशा तबकडीतून पैसा वेगवेगळ्या वाटांनी येतो आणि त्या वाटा वेगळ्या न ओळखल्याने मीकच्या कथेत नेहमी घोळ होतो. मास्टर वापरायला दिल्याबद्दल डेक्काकडून मिळणारा हिस्सा हा कंपनीचा, म्हणजे आरजीएमचा. त्यातूनच भाडं, टेप, वादकांचं मानधन. संगीतकाराची रॉयल्टी पूर्ण वेगळी. १९५६च्या ब्रिटिश कॉपीराइट कायद्यानुसार तबकडीच्या किरकोळ किमतीच्या सव्वासहा टक्के रक्कम रचनेपोटी देय असे आणि ती संगीतकार व प्रकाशक यांत वाटली जाई. रेडिओवर वाजण्याचे पैसे त्याहून निराळे. ‘टेलस्टार’चा संगीतकार म्हणून नाव एकट्या मीकचं होतं. म्हणजे हा वाटा त्याचा एकट्याचा, आणि हाच अडला.

मार्च १९६३ मध्ये जाँ लद्र्यू या फ्रेंच संगीतकाराने दावा केला, की ही चाल १९६०च्या ‘ऑस्टरलिट्झ’ या फ्रेंच चित्रपटासाठी त्याने दिलेल्या संगीतावरून उचलली आहे. तो चित्रपट ब्रिटनमध्ये १९६५ पर्यंत प्रदर्शितच झाला नव्हता. पण दावा उभा राहिला, की वादातली रॉयल्टी बाजूला ठेवली जाते. खटला चालेल तितके दिवस पैसे तिथेच. निकाल अखेर मीकच्या बाजूने लागला, तो ऐकायला मीक जिवंत नव्हता.

मोठ्या कंपनीच्या पगारी निर्मात्याला असा खटला परवडतो. त्याचा पगार चालू असतो, कंपनीचे वकील असतात. मीककडे पुढच्या तबकडीशिवाय दुसरं भांडवल नव्हतं. आपली खोली, आपली टेप यांचा हा दुसरा अर्थ होता: आपलं नुकसानही आपलंच.

टॉर्नेडोजची ‘ग्लोबट्रॉटर’ १९६३च्या सुरुवातीला पाचव्या क्रमांकापर्यंत गेली, मग घसरण. अमेरिकेचा दौरा झालाच नाही. मीकने हाइन्झ बर्टला बँडमधून काढून एकटा गायक म्हणून उभा करण्यात बरंच काही ओतलं. ‘जस्ट लाइक एडी’ पाचव्या क्रमांकावर आलं, पण त्या गुंतवणुकीच्या मानाने ते कमीच. उपग्रह तर १९६३च्या फेब्रुवारीतच कायमचा मुका झाला होता.

खोली अपुरी पडू लागली

१९६४ मध्ये हनीकोम्ब्ज या बँडचं ‘हॅव आय द राइट?’ पहिल्या क्रमांकावर गेलं, अमेरिकेत पाचव्या. त्यातले धाडधाड ठोके म्हणजे बँडच्या मंडळींनी होलोवे रोडच्या लाकडी जिन्यावर आपटलेले पाय. माइक कठड्याला सायकलच्या क्लिपांनी अडकवले होते. या घराचा हा शेवटचा मोठा विजय. याच गाण्याच्या चालीवरून गॉडर्डशी वाद झाला आणि तो सोडून गेला. मीकच्या डोक्यातली सुरावट कागदावर आणणारा माणूसच हरवला. माझ्या मते धंद्याच्या दृष्टीने हे नुकसान फ्रेंच खटल्याहून मोठं होतं, कारण पैसे उशिरा का होईना येतात.

बाहेरचं जगही बदललं होतं. ऑक्टोबर १९६३ पासून बीटल्स लंडनच्या ॲबी रोडवरच्या ईएमआय स्टुडिओत चार ट्रॅकवर ध्वनिमुद्रण करू लागले. चार ट्रॅक म्हणजे निर्णय पुढे ढकलायची मुभा: गायन आज आवडलं नाही तर फक्त तेवढंच उद्या पुन्हा. मीकच्या पद्धतीत ती मुभा नव्हती, तिथे चूक दुरुस्त करायची तर मागच्या टेपपासून सुरुवात. शिवाय नवे बँड स्वतःची गाणी घेऊन येत आणि आपला आवाज कसा असावा हे त्यांना आधीच माहीत असे. वादकांना साहित्य समजणाऱ्या निर्मात्याला त्यात जागा कमी. रचना, ध्वनिमुद्रण, यंत्रदुरुस्ती, नव्या गायकांच्या चाचण्या, कंपन्यांशी घासाघीस हे सगळं एकट्याने करताना ‘हे जमलेलं नाही’ असं सांगणारा दुसरा कान त्या घरात उरला नाही. नंतरच्या कित्येक तबकड्यांत ते ऐकू येतं.

नोव्हेंबर १९६३ मध्ये समलैंगिक वर्तनाच्या आरोपावरून त्याला अटक झाली, १५ पौंड दंड झाला आणि बातमी छापून आली. इंग्लंडात तेव्हा तो गुन्हा होता. कायदा बदलला जुलै १९६७ मध्ये. नैराश्य, उत्तेजक गोळ्या, कंपन्या आपल्या युक्त्या चोरून ऐकतात हा पक्का झालेला समज, आणि कर्ज. ३ फेब्रुवारी १९६७ रोजी मीकने घरमालकीण व्हायोलेट शेन्टन यांच्यावर गोळी झाडली आणि मग स्वतःवर. बंदूक हाइन्झची होती. शेन्टन बाईंचा या व्यवहारांशी काडीचा संबंध नव्हता, आणि मीकच्या प्रतिभेविषयी लिहिताना हे वाक्य गाळण्याची जी प्रथा पडली आहे ती बरी नाही.

२०१४ मध्ये एनएमई या ब्रिटिश साप्ताहिकाने त्याला सर्वकाळातल्या निर्मात्यांत पहिला क्रमांक दिला. अशा याद्यांचा फार अर्थ लावू नये. त्याच्याकडे पार्श्वगायन केलेल्या टेड फ्लेचर यांनी नव्वदच्या दशकात त्याच्या नावाने हिरव्या रंगाचे ऑप्टिकल कॉम्प्रेसर बाजारात आणले, ते जास्त बोलकं आहे: दिवा आणि प्रकाशसंवेदी घटक यांवर चालणारं साधं मंडल, आवाज ऐकू येईल इतका दाबणारं. घरच्या संगणकावर ही पद्धत तपासायची असेल तर महागडं काही लागत नाही. सगळं मोनोत घ्यायचं, कॉम्प्रेसर ध्वनिमुद्रणाच्या वेळीच लावायचा आणि काटा आठ-दहा डेसिबल दबलेला ठेवायचा, दर दोन वाद्यांनंतर एक मिश्रण उतरवायचं आणि मूळ ट्रॅक पुसून टाकायचे. शेवटची अट पाळली नाही तर बाकीच्यांचा उपयोग होत नाही.

चहाच्या पेट्या

मीकच्या मृत्यूनंतर घरातल्या टेप क्लिफ कूपर यांनी ३०० पौंडांना विकत घेतल्या. हे कूपर त्याच्याकडे बँडसह ध्वनिमुद्रण करून गेलेले आणि पुढे ऑरेंज अँप्लिफायर कंपनी काढणारे. ६७ चहाच्या पेट्या, अठराशेंहून अधिक टेप. त्या २०२० मध्ये चेरी रेड रेकॉर्ड्सकडे गेल्या.

अंतिम मास्टर मोनो आणि बंद असला तरी त्याच्या आधीच्या पिढ्यांच्या टेप हाती लागल्या, तर साथ एकीकडे आणि सुरावट दुसरीकडे ठेवून स्टिरिओ मांडता येतो. अडथळा वेगाचा आहे. प्रत्येक नकलेत वेग थोडा बदललेला, कधी मुद्दाम, कधी यंत्राच्या लहरीने. दोन टेप समांतर लावल्या की काही सेकंदांत फाकतात. जोडाच्या पट्ट्या सुकून गळतात, म्हणून आधी त्या बदलायच्या; टेप पूर्ण रुंदीची की दोन ट्रॅकची हे ओळखून योग्य हेड लावायचं; प्रत्येक टेपचा हेडकोन पुन्हा जुळवायचा. मग वेग शोधायचा, आणि त्याला मदत करते ती जुन्या यंत्रांतून टेपवर झिरपलेली ५० हर्ट्झची विजेची गुणगुण. विश्लेषकावर ती ५० ऐवजी ५३ हर्ट्झवर दिसली, तर ती टेप कुणीतरी बरोबर एक अर्धस्वर वर ओढलेली आहे.